जहाजावरील रेडिओ यंत्रणेची प्रतिबंधात्मक देखभाल

जहाजावरील रेडिओ यंत्रणेची प्रतिबंधात्मक देखभाल म्हणजे बिघाडाची वाट न पाहता ठरावीक कालावधीने केलेली तपासणी, स्वच्छता, चाचणी आणि मुदत संपलेल्या भागांची बदली होय. संकटकाळी वापरावयाची उपकरणे एरवी पडून असतात. त्यामुळे त्यांतील दोष नियतकालिक चाचणीशिवाय सहसा लक्षात येत नाहीत.

पार्श्वभूमी

१३ एप्रिल १९१२ रोजी रात्री टायटॅनिक जहाजावरील मुख्य बिनतारी प्रक्षेपक बंद पडला. जॅक फिलिप्स व हॅरोल्ड ब्राइड या संदेशचालकांनी कित्येक तास खपून तो दुसऱ्या दिवशी पहाटे दुरुस्त केला. त्याच दिवशी रात्री जहाज हिमनगावर आदळले, तेव्हा मदतीचे संदेश याच प्रक्षेपकावरून गेले. या दुर्घटनेनंतर १९१४ मध्ये सागरी जीवितसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार (सोलास) तयार झाला. सध्याच्या करारातील चौथे प्रकरण रेडिओ संदेशवहनाविषयी आहे. त्याखालील जागतिक सागरी आपत्ती व सुरक्षा यंत्रणा (जीएमडीएसएस) १ फेब्रुवारी १९९९ पासून पूर्णपणे लागू झाली.

देखभालीच्या पद्धती

करारात तीन पद्धती मान्य आहेत: उपकरणांची दुसरी जोडी बाळगणे, किनाऱ्यावरील तंत्रज्ञांकडून देखभाल आणि जहाजावरच दुरुस्तीची सोय. किनारी केंद्रांच्या पल्ल्यातील ए१ व ए२ क्षेत्रांत यांपैकी एक पुरते. त्यापलीकडील ए३ व ए४ क्षेत्रांत किमान दोन आवश्यक असतात.

तपासणीचे वेळापत्रक

- दररोज: डीएससी उपकरणाची अंतर्गत चाचणी, बॅटरीवर भार देऊन व्होल्टेजची नोंद.
- दर आठवड्याला: पल्ल्यात असल्यास किनारी केंद्राला डीएससी चाचणी-संदेश.
- दर महिन्याला: ईपीआयआरबी हा संकटसूचक बीकन व सार्ट यांची तपासणी, ॲंटेना व बॅटरीच्या जोडण्यांची पाहणी, जीवरक्षक नौकेतील व्हीएचएफ संचाची चॅनेल १६ सोडून अन्य चॅनेलवर चाचणी.
- दर वर्षी: राखीव बॅटरीच्या क्षमतेची तपासणी, तसेच ईपीआयआरबीची सविस्तर चाचणी.

या सर्वांची नोंद रेडिओ नोंदवहीत केली जाते. ईपीआयआरबीची चाचणी केवळ चाचणी-स्थितीतच करावी लागते. ४०६ मेगाहर्ट्झवरील खरा संकेत उपग्रहामार्फत बचाव केंद्राकडे पोहोचतो आणि खोट्या इशाऱ्यामुळे शोधपथकांचा वेळ वाया जातो.

बिघाडाची सामान्य कारणे

खाऱ्या हवेमुळे जोडण्या गंजतात. ॲंटेनाच्या विद्युत्‌रोधकांवर मिठाचा थर साचला की विद्युत् गळती होऊन प्रक्षेपणाची शक्ती घटते. केबलच्या जोडाचे आवरण फाटल्यास आत पाणी शिरते. जुन्या बॅटरीचे व्होल्टेज भाराविना योग्य दिसते, परंतु प्रक्षेपण सुरू होताच ते कोसळते. म्हणूनच तिची चाचणी भार देऊन घेतात.