जुनेर ते गोधडी : एका न लिहिलेल्या इतिहासाविषयी

आपल्या साहित्यात गोधडी आली नाही असे नाही. ती कथेत आली, कवितेत आली, आत्मकथनांत तर जागोजाग आली. पण प्रत्येक वेळी ती दारिद्र्याची खूण म्हणूनच आली. फाटकी, कुबट वासाची, चार भावंडांना न पुरणारी. हे खोटे नाही. दोन कडेच्यांनी दोन टोके ओढली की मधल्याचे पाय उघडे पडतात, हे मला कोणी शिकवायला नको. त्या मधल्याच्या जागी मीच झोपत असे. तरीही अलीकडे मला असे वाटू लागले आहे की गोधडीविषयी आपण अर्धेच लिहिले. जे लिहिले ते पांघरणाऱ्याने लिहिले. शिवणारीने लिहिले नाही आणि तिला कोणी विचारलेही नाही.

माझे गाव नामपूर. नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यात, मोसम नदीच्या काठी. बाहेरच्यांना ते कांद्याच्या बाजारामुळे ठाऊक असते. आमची बोली अहिराणी. उन्हाळी कांदा निघून गेला की बायांच्या हाताला थोडी उसंत मिळे, आणि आमच्या गल्लीत गोधड्यांचे दिवस सुरू होत. सारवलेल्या अंगणात एक जुने लुगडे पसरायचे, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे, त्यावर कापडाचे थर, त्यावर तुकडे. मग चार बाया चार बाजूंना बसत आणि कडेकडून धावदोरा घालीत मध्याकडे सरकत. टाक्यांचे चौकोन आत आत लहान होत जात आणि शेवटी बायांची डोकी एकमेकींना लागायची वेळ येई. पावसाच्या आत गोधडी पुरी झाली पाहिजे, एवढीच काय ती मुदत.

गोधडी सगळ्याच जातींच्या घरांत होती हे आधीच सांगितले पाहिजे. कुणब्याच्या घरात होती, धनगराच्या पालावर होती. पश्चिम महाराष्ट्रात तिला वाकळ म्हणतात. तेव्हा ती एकट्या आपलीच असा दावा करण्यात अर्थ नाही. फरक होता तो कापड ज्या वाटेने घरात येई त्या वाटेत. कुणबिणीच्या गोधडीत तिचेच नेसून विरलेले लुगडे असे. आमच्या आजीच्या गोधडीत त्याच कुणबिणीचे लुगडे असे. ज्याला गावात जुनेर म्हणत ते. वर्षभराच्या कामाच्या बदल्यात, सणावाराला, लग्नकार्यात, किंवा मयतीनंतर मिळालेले.

या वाटेला धर्मशास्त्राचा आधार होता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडालांनी मृतांची वस्त्रे वापरावीत, फुटक्या भांड्यात जेवावे, लोखंडाचे दागिने घालावेत अशी आज्ञा आहे. कित्येक गावांत मढ्यावरचे कापड हा महाराचा ‘हक्क’ मानला जाई. हक्क हा शब्द केवढा उलटा करून वापरला होता पाहा! 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला ते पुस्तक जाळले गेले, तेव्हा ही वस्त्राची आज्ञाही जळाली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले आणि जात ओळखू येईल अशी नेसण्याची पद्धत व तसले दागिने टाकून द्या म्हणाले. महाडच्या सत्याग्रहाचा इतिहास आपण पाण्याचा म्हणून शिकवतो. तो कापडाचाही आहे.

पण पुस्तक जळाले म्हणून जुनेर थांबले नाही. ते थांबायला वतन मोडावे लागले. मुंबई राज्याने 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द केली. त्याच्या दोन वर्षे आधी, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपूरला धम्मदीक्षा झाली होती, आणि गावोगाव लोकांनी ओढकाम, मागती भाकर आणि जुनेर या तिन्ही गोष्टी सोडायला सुरुवात केली होती. सोडणे सोपे नव्हते. हिवाळ्यात मोसमच्या काठची थंडी काय असते ते तिथे राहिलेल्यालाच ठाऊक. आजी सांगे, त्या दोनतीन वर्षांत गल्लीत एकही नवी गोधडी झाली नाही, कारण घालायला कापडच नव्हते. जुनीच उसवून पुन्हा शिवली. स्वाभिमानाचा इतिहास लिहिताना कुडकुडत काढलेले ते हिवाळेही मोजले पाहिजेत.

नंतरच्या गोधड्या वेगळ्या आहेत. त्यांत घरचेच कापड आहे. आमच्या घरी उरलेल्या दोन जुन्या गोधड्या मी उसवलेल्या कडेतून थरथर पाहिल्या. एकीच्या पोटात गावच्या निरनिराळ्या घरांची लुगडी आहेत. दुसरीत आजीचे स्वतःचे पातळ, आजोबांचे धोतर, वडिलांच्या शाळेच्या खाकी चड्डीचा तुकडा. शाळेची चड्डी गोधडीत येणे ही आमच्या घराण्यातली पहिलीच गोष्ट. आजीची दीक्षेची पांढरी साडी मात्र कुठल्याच गोधडीत नाही. ती तिने कधी कापली नाही. निळे कापडही ती गोधडीत घालीत नसे. पायदळी येते म्हणे.

त्या तुकड्यांत रंगीत सुती साड्या पुष्कळ दिसतात. त्या बहुधा मालेगावच्या. मोसम खाली मालेगावला जाऊन गिरणेला मिळते, आणि त्या गावी 1857 च्या उठावानंतर उत्तरेकडून परागंदा झालेले मोमीन विणकर येऊन वसले. त्यांच्या हातमागावर, आणि पुढे विसाव्या शतकात यंत्रमागावर, कष्टकरी बायांची रंगीत लुगडी निघाली. म्हणजे देशोधडीला लागलेल्या मुसलमान विणकराने विणलेले, कुणबिणीने शेतात नेसून विटवलेले आणि महारणीने शिवलेले असे ते एक वीतभर कापड. इंग्रजांच्या 1883 च्या नाशिक गॅझेटियरात येवल्याच्या रेशमाला आणि नाशिकच्या तांब्यापितळेच्या भांड्यांना जागा मिळाली. ती विकली जाणारी वस्तू होती. घरी शिवून घरीच पांघरलेल्या वस्तूची नोंद सरकार कशाला ठेवील? आणि सुती कापड तर आपोआप विरून जाते. आपल्या बायांचा हा दप्तरखाना दर पंधरा-वीस वर्षांनी नष्ट होत आला आहे.

आता मला ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला त्या मुद्द्यावर येतो. आजीजवळ चिंध्यांचे एक गाठोडे होते. ते नुसते साठवण नव्हते. त्यात निवड होती. शिंप्याच्या दुकानाखाली पडलेले कातरण ती वेचून आणी, पण सगळे नाही. खणाचे, काठाचे, लाल रंगाचे तुकडे वेगळे बांधून ठेवलेले असत. गल्लीतल्या बायांत अदलाबदल चाले. दोन हिरव्या तुकड्यांवर एक लाल काठ, असा काही हिशेब असे. एका गोधडीची लाल पट्टी चारही बाजूंना पुरेना म्हणून ती अडीच वर्षे तशीच ठेवलेली मला आठवते. थंडी काय पट्टीवाचून अडत होती? उबेला लाल पट्टीची गरज नसते. आईने एकदा वैतागून गाठोडे फेकायला काढले, तेव्हा आजी म्हणाली, “हाऊ तुकडा फेकू नको, कामले ई.” आणि तो कामाला आला तो गोधडीच्या मधोमध, जिथे त्याचा उपयोग फक्त दिसण्यापुरता होता.

याला हौस म्हणतात. हा शब्द आपण आपल्या आयाआज्यांसाठी वापरायला कचरतो. हौस ही पोट भरलेल्यांची गोष्ट, आपल्या वाट्याला फक्त वेदना आणि विद्रोह, असे आपणच ठरवून टाकले आहे. शहरातल्या बाईने नवे कापड विकत आणले, त्याचे चौकोन कापले आणि जोडले तर तो छंद, कलाही. अमेरिकेत हा छंद आज अब्जावधी डॉलरची बाजारपेठ आहे, आणि तिथल्या घरांत न वापरलेल्या कापडाची कपाटे भरलेली असतात. आजीचे गाठोडे आणि ते कपाट यांत परिस्थितीचे अंतर प्रचंड आहे, ते मी नाकारीत नाही. पण तुकडा हातात घेऊन, उजेडात धरून, हा कुठे शोभेल असा विचार करणारी नजर एकच आहे. ती नजर आजीला नव्हती असे म्हणणे म्हणजे मनूचेच म्हणणे वेगळ्या शब्दांत म्हणणे होय.

आपल्यातले काही जाणते म्हणतील, चिंध्यांचे कौतुक पुरे झाले, ते सोडण्यासाठीच धम्म घेतला. त्यांनी विनयपिटकातला महावग्ग काढून पाहावा. सुरुवातीचे भिक्खू उकिरड्यावरच्या आणि स्मशानातल्या चिंध्या वेचून, धुऊन, शिवून चीवर करीत. त्याला पांसुकूल म्हणत. पुढे जीवक वैद्याच्या विनंतीवरून भगवंतांनी गृहस्थांनी दिलेले वस्त्र घेण्यास अनुमती दिली. आणि चीवर कसे जोडावे याचा नमुना आनंदाने मगधातल्या बांधबंदिस्तीच्या शेतांवरून तयार केला. आमच्या मोसमच्या खोऱ्यात फड पद्धतीची शेती आहे. बंधारा, पाट आणि पाटाखाली चौकोनी फड. उंचावरून पाहिले तर गोधडीच. त्या फडांत आमच्या आजीचा एक गुंठाही नव्हता.

स्मशानातली चिंधी मनूने सांगितली आणि भिक्खूनेही घेतली. एकाला ती लादली गेली, दुसऱ्याने ती राजवस्त्र टाकून निवडली. आजीचे काम या दोहोंच्या मधले आहे. चिंधी तिने निवडली नाही. ती कुठे बसवायची ते मात्र तिने निवडले. जाता जाता, चिंध्यांचा अंगरखा करून गावोगाव झाडू घेऊन फिरणाऱ्या गाडगेबाबांनाही लोक गोधडेबुवा म्हणत. ते बाबासाहेबांमागोमाग, 20 डिसेंबर 1956 रोजी गेले.

पँथरच्या दिवसांपासून आपण काळ्यांच्या साहित्याशी नाते सांगत आलो. त्यांच्या बायांच्या गोधड्यांकडे मात्र पाहिले नाही. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामांच्या वंशजांची. तिथल्या बाया शेतात झिजलेल्या विजारी आणि सदरे यांच्या गोधड्या शिवत आल्या. त्यांनी मतदार नोंदणीची मागणी करायला सुरुवात केली, त्या काळात, 1962 मध्ये, पलीकडच्या काठाला नेणारी नाव बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हायला 2006 साल उजाडले. 1966 मध्ये त्या भागातल्या बायांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था काढली. 2002 मध्ये त्यांच्या गोधड्या आधी ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात लागल्या, 2006 मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. आणि 2007 मध्ये त्यांतल्या काही बायांना आपल्या हक्कासाठी न्यायालयात जावे लागले. कौतुक झाले म्हणजे न्याय मिळाला असे होत नाही, हेही तिथून शिकण्यासारखे आहे. आपल्याकडेही आता ‘हाताने शिवलेली’ म्हणून गोधडी शहरातल्या दुकानांत चढ्या भावाने मिळते. तिच्यावर दुकानाचे नाव असते.

माझा स्वतःचा हिशेब मी द्यायचा टाळला आहे. कॉलेजसाठी वसतिगृहात गेलो तेव्हा आईने दुसरी गोधडी, खाकी तुकड्याची, बांधून दिली होती. खोलीतल्या मुलांच्या अंगावर सोलापुरी चादरी होत्या. एकाने विचारले, हे काय आणलेस? मी म्हणालो, खाली घालायला आहे. महिनाभर मी ती गादीखाली घातली आणि डिसेंबरातही वरून एक पातळ चादर घेऊन झोपलो. सुट्टीत ती घरी परत नेली आणि माळ्यावर टाकली. आईने काही विचारले नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिने ती खाली काढून धुतली आणि उसवलेली कड नव्याने शिवली, एवढेच. मी त्या वर्षी ‘बलुतं’ वाचत होतो आणि अंडरलाइन करीत होतो.

आई अजून शिवते. तिची तक्रार अशी की आता सुती कापड मिळत नाही. पॉलिएस्टरच्या साडीवर सुई सरकते, थर जागचे हलतात, आणि घाम जिरत नाही. जुने बरे कापड बोहारणीकडे जाऊन त्याचे स्टीलचे डबे होतात. मी जुने सुती सदरे तिच्यासाठी बाजूला ठेवतो. त्यांतले ती सगळे घेत नाही. परवा तिला म्हटले, एका कोपऱ्यात आपले नाव शिव. ती हसली. “नाव कसाले? टाका दखा का समजस, कोन्ही शे ते.” मी तिला गल्लीतून फिरवले. भिंतींवर वाळत घातलेल्या गोधड्या पाहून ती सांगत गेली : ही अमकीची, तिचा टाका लांब पडतो, ही तमकीची, ती कोपरा दुमडून त्रिकोण घालते, ही दोघींची, अर्ध्यापासून हात बदलला आहे. मी वहीत लिहून घेत होतो. नाव, अंदाजे साल, कापड कोणाचे, कोणी कोणी मिळून शिवली. चौथ्या घरापाशी ती बराच वेळ थांबली आणि म्हणाली, ही शिवणारी जाऊन बारा वर्षे झाली.