कोटणिसांची सुई?

गेल्या गणेशोत्सवात आरतीनंतर आपल्या मंडपात आरोग्यावर एक भाषण झाले. ॲक्युपंक्चर ही विद्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांनी चीनमधून शिकून भारतात आणली, असे वक्त्यांनी ठासून सांगितले. टाळ्या पडल्या. आम्हीही वाजवल्या. मराठी माणसाचे नाव निघाले की हात आपोआप जुळतात. पण कचेरीत फायली चाळण्याची सवय लागलेल्या माणसाला तारखा जुळवल्याशिवाय झोप येत नाही. आम्ही जुळवून पाहिल्या आणि त्या जुळल्या नाहीत.

डॉ. कोटणिसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला आणि वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या शेठ गो. सुं. मेडिकल कॉलेजात. १९३८ साली जपानशी झुंजणाऱ्या चीनने भारताकडे मदत मागितली. जनरल चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहिले होते, आणि त्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषबाबू. पाच डॉक्टरांचे पथक ठरले : अलाहाबादचे डॉ. अटल हे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि आपले कोटणीस. पाचांत दोन मराठी. चोळकरांचे नाव मात्र कुणी घेत नाही, याचे आम्हांला वाईट वाटते; वयाने तेच सर्वांत वडील होते. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून बोट सुटली, तेव्हा कोटणिसांना अठ्ठाविसावे वर्ष पुरे व्हायचे होते. आपला मुधोळ तालुका त्या वेळी निजामाच्या राज्यात, नांदेड जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो आदिलाबादेत आला, म्हणून आपण सीमेच्या या बाजूला राहून गणपती बसवतो आहोत.

पाचही जणांनी चिनी नावे घेतली. प्रत्येकाच्या नावाशेवटी 'ह्वा' जोडला; ह्वा म्हणजे चीन. कोटणीस झाले 'के ती-ह्वा'. पुढे तिघे निरनिराळ्या वेळी मायदेशी परतले. कोटणीस आणि बसू राहिले. कॅनडाचे प्रसिद्ध शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये वारले. त्यांच्या नावाने निघालेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणिसांकडे आले. आघाडीच्या मागे खेड्यापाड्यांतून हलत राहणारे ते रुग्णालय. कधी देवळात, कधी शेतकऱ्याच्या घरात. तिथेच क्वो छिंग-लान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला अपस्माराच्या झटक्याने कोटणीस गेले. वय अवघे बत्तीस. १९४६ साली व्ही. शांतारामांनी काढलेला 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' आपल्यापैकी ज्येष्ठांनी पाहिला असेल.

आता सुईकडे येऊ. कोटणीस चाकूचे डॉक्टर होते, सुईचे नव्हेत. गोळी काढणे, तुटलेला पाय कापणे, जखमा धुणे हेच त्यांचे दिवसरात्रीचे काम. त्या काळात खुद्द चीनमध्ये सुईला फारशी प्रतिष्ठाही उरली नव्हती. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथांत जिचे वर्णन आहे, ती ही विद्या १८२२ साली तिथल्या बादशहाने राजवैद्यांच्या शाळेतून काढून टाकली होती. १९२९ मध्ये तर सरकारने एकूणच देशी वैद्यकी बंद करण्याचा घाट घातला आणि वैद्यांनी निदर्शने केल्यावर तो मागे पडला. कम्युनिस्टांच्या प्रदेशात औषधांची टंचाई होती, म्हणून नेत्यांनी नव्या डॉक्टरांना जुन्या वैद्यांकडून शिकायला सांगितले. येनानच्या रुग्णालयात ॲक्युपंक्चरचा स्वतंत्र विभाग उघडला तो १९४५ साली. कोटणिसांना जाऊन तोवर दोन वर्षे उलटली होती.

मग भारतात सुई आणली कुणी? कोटणिसांच्याच सोबत्याने. डॉ. बिजयकुमार बसू १९४३ मध्ये परतले. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि १९५९ पासून कलकत्त्यात तिने उपचार करू लागले. मित्राच्या नावाने चालणाऱ्या कोटणीस स्मारक समितीचे काम आणि सुईचा प्रसार त्यांनी हातात हात घालून चालवला. त्यामुळे देशात ठिकठिकाणी ॲक्युपंक्चरच्या दवाखान्यांवर कोटणिसांचे नाव लागले. पंजाबात लुधियानाला तर त्यांच्या नावाचे ॲक्युपंक्चर रुग्णालयच आहे. पाटीवरचे नाव वाचून लोक समजले की विद्याही त्यांचीच. बसूंनी आपले नाव मागे ठेवून मित्राचे पुढे केले, आणि आपण टाळ्या वाजवताना बसूंना विसरलो. आम्हांला ही गोष्ट भाषणातल्या गोष्टीपेक्षा जास्त आवडते. कायद्यातही बंगालच पहिला. तिथे १९९६ साली या उपचारपद्धतीचा कायदा झाला. महाराष्ट्राचा कायदा २०१५ चा आहे, आणि केंद्र सरकारने २०१९ मध्ये तिला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली.

हा तारखांचा खटाटोप आम्ही केला त्याला घरचे कारणही आहे. त्या भाषणानंतर आमच्या आईने गुडघ्यांसाठी एका शिबिरात सुया टोचून घ्यायला सुरुवात केली. 'कोटणिसांची विद्या आहे, वाईट कशी असेल?' हा तिचा युक्तिवाद. गुडघ्यांना खरेच उतार पडला. ती जिना चढू लागली. मात्र शिबिरातल्या कुणीतरी तिला सांगितले की आता साखरेच्या गोळ्यांचीही गरज नाही. तिने गोळ्या बंद केल्या, आम्हांला न सांगता. तिसऱ्या आठवड्यात तिला निजामाबादला दवाखान्यात दाखल करावे लागले. चार दिवस आम्ही खाटेशी बसून होतो. दोष सुईचा नव्हता. थोर माणसाच्या नावाच्या आधाराने सुईच्या पलीकडचे काही गळी उतरवले गेले, त्याचा होता.

म्हणून, ज्यांना हा उपचार घ्यायचा आहे त्यांना काय होते ते सांगून ठेवतो. आपल्याकडे तेलुगूत सुईला सूदी म्हणतात आणि इंजेक्शनलाही सूदीच, म्हणून लोक आधीच घाबरतात. ही सुई पोकळ नसते, तिच्यातून औषध जात नाही, आणि जाडी साधारण पाव मिलिमीटर. टोचताना मुंगी चावल्यासारखे होते, मग त्या जागी जडपणा किंवा झिणझिण्या. चिनी वैद्य तीच खूण शोधत असतात. वीस-तीस मिनिटे पडून राहायचे. आठवड्यातून एक-दोनदा, अशा सहा ते दहा बैठका लागतात. दोन-तीन बैठकांत काहीच फरक वाटला नाही म्हणून रागावू नये. पण दहा होऊनही वाटला नाही तर अकराव्याचे पैसेही देऊ नयेत. रिकाम्या पोटी जाऊ नये, भोवळ येते. क्वचित निळा डाग उठतो. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, पेसमेकर असेल किंवा बाई गरोदर असेल, तर आधी सांगावे. सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडायला लावावे, आणि वापरलेली सुई पुन्हा वापरू देऊ नये. यात भिडस्तपणा नको.

काही ठिकाणी सुईसोबत शेकही देतात. चिनी भाषेत या विद्येच्या नावातच सुई आणि शेक दोन्ही आहेत. शेकासाठी जी वाळलेली पाने जाळतात ती आपल्या दवण्याच्या कुळातली. आपल्या आज्यांना तुंबडी लावणे आणि डागणे ठाऊक होतेच, तेव्हा हे अगदीच परके वाटायला नको.

गुण किती येतो? २००७ साली जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रोग्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. नेमक्या जागी सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना उतार पडला. भलत्याच जागी, वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना. नेहमीच्या गोळ्या-व्यायामावर ठेवलेल्यांपैकी फक्त २७.४ टक्क्यांना. याचा अर्थ ज्याने त्याने लावावा. आम्ही असा लावतो की कंबर, गुडघा, डोकेदुखी यांसाठी करून पाहायला हरकत नाही, पण नेमक्या बिंदूंचे जे गूढ सांगतात त्यावर फार भाळू नये. साखर, रक्तदाब, कर्करोग यांच्या औषधाला मात्र ही सुई पर्याय नाही.

आई अजून सुया घेते. आता नांदेडला, नोंदणी असलेल्या एका डॉक्टरांकडे, महिन्यातून दोनदा. बासरहून सकाळची गाडी धरतो. पिशवीत पाण्याची बाटली, डबा आणि साखरेच्या गोळ्यांची डबी असते. डबी ती स्वतः सांभाळते. डॉक्टरांच्या भिंतीवर कोटणिसांची तसबीर आहे. परवा आईने त्यांना विचारले, 'यांच्या शेजारी त्या बंगाली डॉक्टरांची का नाही हो?' ते म्हणाले, 'कोणते बंगाली?' मग अर्धा तास सुया अंगावर असताना तिनेच त्यांना बसूंची हकिकत सांगितली.