हिऱ्याच्या खाणीचा एक जुना शेअर
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जुनी नाणी आणि पोस्टाची तिकिटे यांची प्रदर्शने भरतात, तिथे एखाद्या कोपऱ्यातल्या टेबलावर जुन्या कागदांचा गठ्ठा पडलेला असतो. संस्थानांचे स्टँपपेपर, हुंड्या, बंद पडलेल्या गिरण्यांची शेअर सर्टिफिकेटे. तिकडे फारसे कोणी फिरकत नाही, म्हणून मी फिरकतो. काही वर्षांपूर्वी पुण्यात अशाच एका गठ्ठ्यात मला एक मोठा, जाड कागद सापडला. भोवती वेलबुट्टीची किनार, मधोमध ठसठशीत इंग्रजी अक्षरांत 'डी बिअर्स कन्सॉलिडेटेड माइन्स लिमिटेड' आणि खाली किंबर्ली हे गावाचे नाव. विक्रेता म्हणाला, "घेऊन टाका साहेब, हिऱ्याच्या खाणीचा शेअर आहे. हिरा नाही परवडायचा, हा परवडेल." मी घेऊन टाकला.

माझा एक भाचा मुंबईत हिऱ्यांच्या व्यवसायात आहे. त्याने कागद पाहिला आणि त्याचे डोळेच चमकले. "मामा, यावर मालकाचं नावच नाहीये! बेअरर शेअर आहे हा. म्हणजे ज्याच्या हातात, त्याचा." लगेच त्याचा हिशेब सुरू झाला. पण कागदाला ओळीने पाडलेली चार भोके होती. आगगाडीच्या तिकिटाला टीसी पंच मारतो तशी. जुन्या शेअरच्या बदल्यात नवा दिला, की जुना असा भोके पाडून रद्द करतात. आमची श्रीमंती पाच मिनिटांत संपली. त्यातले एक भोक नेमके तारखेवर पडले होते, त्यामुळे कागद कधीचा हा प्रश्न मात्र उरला, आणि त्याने मला पुढे बरेच महिने कामाला लावले.

पहिल्या दिवशी मी फसलो. कंपनी 'केप ऑफ गुड होप वसाहतीच्या कायद्यानुसार' स्थापन झाली आहे, असे कागदावर छापलेले आहे. ही वसाहत १९१० मध्ये दक्षिण आफ्रिका संघराज्यात विलीन झाली. तेव्हा कागद १९१० पूर्वीचा, असे मी ठरवून टाकले. पण कंपनी कुठल्या कायद्याखाली जन्मली हे पुढेही तसेच छापले जाऊ शकते. आपण नाही का, गावाचे नाव बदलले तरी जन्मदाखल्यावर जुनेच नाव वागवत! खरा पुरावा होता दर्शनी किमतीत. एका शेअरची किंमत अडीच पौंड, आणि शेअरचा प्रकार 'डिफर्ड'. या कंपनीचे मूळ शेअर पाच पौंडांचे होते. १९०१ मध्ये भांडवलाची फेरमांडणी झाली आणि अडीच-अडीच पौंडांचे आठ लाख 'प्रेफरन्स' आणि दहा लाख 'डिफर्ड' शेअर काढले गेले. म्हणजे कागद १९०१ नंतरचा. दक्षिण आफ्रिकेत फेब्रुवारी १९६१ मध्ये पौंड जाऊन रँड आला, तेव्हा त्यापूर्वीचा.

'डिफर्ड' म्हणजे मागाहून. प्रेफरन्सवाल्यांचे ठरलेले पैसे देऊन झाल्यावर जे उरेल, ते डिफर्डवाल्यांचे. भाचा म्हणाला, "म्हणजे उरलंसुरलं." पण ज्या वर्षी धंदा तेजीत असे त्या वर्षी साय याच वाटीत पडे. कागदाच्या मागे फ्रेंच सरकारचा कराचा शिक्का आहे. पॅरिसच्या बाजारात या शेअरची मोठी उलाढाल चाले. बिननावी शेअर तिथे सोयीचा. लाभांशाची वेळ आली की कागदाच्या कडेचे कुपन कापून द्यायचे आणि पैसे घ्यायचे. कोणाला नाव सांगायला नको.

मालकाचे नाव नाही म्हटल्यावर माझे लक्ष कागदावरच्या एकुलत्या एका माणसाच्या नावाकडे गेले. हा डी बिअर कोण?

तो एक शेतकरी होता. एक नव्हे, दोन भाऊ, योहानेस आणि डिडेरिक डी बिअर. त्यांनी १८६० मध्ये पन्नास पौंडांना एक कोरडवाहू माळ घेतला होता. त्याचे डच नाव 'पुढचे दिसणे', 'दूरदृष्टी' अशा अर्थाचे. तेव्हा आफ्रिकेत हिरे असतील हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. अठराव्या शतकात ब्राझीलचे हिरे येईपर्यंत जगाला हिरे पुरवले ते मुख्यतः भारताने. गोवळकोंड्याचे नाव सर्वांना ठाऊक असते, पण आपल्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वैरागडच्या हिऱ्यांचा उल्लेखही 'आइन-ई-अकबरी'त आहे. ऑरेंज नदीकाठी १८६७ च्या सुमारास पहिला हिरा ओळखला गेला आणि १८७१ मध्ये डी बिअर बंधूंच्या माळावर लोक टिकाव-फावडी घेऊन लोटले. भाऊ वैतागले आणि त्यांनी त्याच वर्षी सहा हजार गिनींना जमीन विकून टाकली. चारच वर्षांनी सरकारने ती एक लाख पौंडांना घेतली. त्या माळावर जगातल्या दोन अतिश्रीमंत खाणी निघाल्या. एकीला त्यांचे नाव राहिले, तिच्यावरून कंपनीला मिळाले, आणि कंपनीत त्यांचा वाटा शून्य.

दुसरी खाण किंबर्लीची. १८७१ च्या जुलैत फ्लीटवुड रॉस्टोर्न नावाच्या गोऱ्याच्या तांड्यातला डेमन हा आचारी दारू पिऊन धिंगाणा घालतो म्हणून त्याला शिक्षा म्हणून एका टेकडीवर खणायला पाठवले, आणि तो मूठभर हिरे घेऊन परत आला, अशी हकीकत सांगतात. ती टेकडी आज नाही. तिच्या जागी खड्डा आहे. एकतीस फूट चौरसाचे शेकडो तुकडे पाडून माणसांनी तो खणला. सुरुवातीला एकाला फार तर दोनच तुकडे घेता येत. पण खोल गेल्यावर मधल्या वाटा ढासळू लागल्या, पाणी भरू लागले, ते उपसायला यंत्रे हवीत, यंत्रांना भांडवल हवे. १८७६ मध्ये ती मर्यादा उठली आणि तुकडे मोठ्या मुठींत गेले. एक मूठ सेसिल ऱ्होड्सची, दुसरी बार्नी बार्नाटोची.

दोघांची झुंज हा स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. मला त्यातला एकच प्रसंग सांगायचा आहे. ऱ्होड्सने १८८८ च्या मार्चमध्ये डी बिअर्स कन्सॉलिडेटेड स्थापन केली आणि बार्नाटोची किंबर्ली सेंट्रल कंपनी तिच्यात विलीन करायचे ठरले. किंबर्ली सेंट्रलचे काही भागधारक कोर्टात गेले. म्हणाले, आमच्या नियमांप्रमाणे आमची कंपनी फक्त 'सारख्या' कंपनीत विलीन होऊ शकते, आणि ही सारखी नाही. नव्या कंपनीची घटना तपासल्यावर कोर्टाला ते पटले. कारण हिरे काढणे हे तिच्या अनेक कामांपैकी एक होते. तिला आफ्रिकेत मुलूख मिळवण्याचा आणि फौज बाळगण्याचाही अधिकार लिहून ठेवला होता! आपल्याला ईस्ट इंडिया कंपनी आठवावी असाच प्रकार. ऱ्होड्स-बार्नाटोंनी पळवाट काढली. त्यांनी किंबर्ली सेंट्रल मोडीत काढली आणि तिची मालमत्ता विकत घेतली. १८ जुलै १८८९ च्या त्या चेकवरची रक्कम आहे ५३ लाख ३८ हजार ६५० पौंड.

आता कागदावर ज्यांचा मागमूस नाही, त्यांच्याविषयी. खाणीत उतरणारे बहुतेक आफ्रिकी मजूर होते. हिरे चोरीला जातात म्हणून कपडे उतरवून झडती घेण्याचा नियम आला. तो गोऱ्या कामगारांनाही लावला तेव्हा त्यांनी १८८३ आणि १८८४ मध्ये संप केले. दुसऱ्या संपात गोळीबार होऊन सहा जण मेले. त्यानंतर गोऱ्यांची ही झडती थांबली, काळ्यांची राहिली. १८८५-८६ पासून त्यांच्यासाठी 'कंपाउंड' आले. आपण घराच्या कुंपणाला कंपाउंड म्हणतो, इथे ते वेगळे होते. उंच पत्र्याच्या भिंती, आत राहण्याच्या खोल्या आणि दुकान, आणि वरून तारेची जाळी, कारण डब्यात हिरा घालून तो भिंतीपलीकडे फेकला जाई. कराराचे सगळे महिने खाण आणि कंपाउंड यांपलीकडे जायचे नाही. करार संपला की शेवटचे काही दिवस माणसाला नग्न ठेवून, हातांत बोटे वापरता येणार नाहीत असे जाड चामडी मोजे अडकवून, जुलाब देऊन डांबत. गिळलेला हिरा बाहेर पडावा म्हणून. १८८४ पासून कंपनी तुरुंगातले कैदीही कामाला लावू लागली. आणि ज्या १८८८ साली कंपनी स्थापन झाली, त्याच वर्षी जुलैत डी बिअर्स खाणीत आग लागून दोनशेहून अधिक माणसे मेली. त्यांतली बहुसंख्य काळी.

मी हे भाच्याला वाचून दाखवत होतो. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, झडती आमच्याकडेही असते. संध्याकाळी बाहेर पडताना खिसे, बूट सगळं दाखवावं लागतं. त्याचं कधी काही वाटलं नाही." त्या मोज्यांबद्दल मात्र त्याने मला दोनदा विचारले. बोटे कशी बांधत, जेवत कसे?

किंबर्लीची खाण ऑगस्ट १९१४ मध्ये बंद झाली. तोवर त्या खड्ड्यातून सुमारे सव्वादोन कोटी टन माती-दगड निघाले, आणि हिरे २,७२२ किलो. एक टेम्पो भरेल, न भरेल. कंपनी पुढे चालत राहिली. २००१ मध्ये तिचे शेअर बाजारातून काढून घेतले गेले. आज खड्ड्यात हिरवट पाणी आहे आणि पर्यटक काठावरून डोकावतात.

शेअर भाच्याला त्याच्या ऑफिसात लावायला हवा होता. मी दिला. डेमनची गोष्ट तो आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, थोडी तिखटमीठ लावून. फ्रेम करताना दुकानदार मागे पुठ्ठा लावणार होता. पण फ्रेंच शिक्का आणि न कापलेल्या कुपनांचे आकडे मागेच आहेत, म्हणून आम्ही दोन्ही बाजूंनी काच लावून घेतली.