भीती कुणाच्या डोळ्यांनी पाहायची?

थरारपटाच्या पहिल्याच दृश्यात दिग्दर्शकाला ठरवावं लागतं, की भीती कुणाच्या डोळ्यांनी पाहायची. एकदा ठरलं की पुढच्या दोन तासांत ते बदलणं फार अवघड असतं. हिचकॉकच्या ‘सायको’त (१९६०) कॅमेरा फिनिक्स शहरावरून सरकत येतो, पडद्यावर तारीख आणि वेळ उमटते आणि अर्धवट उघड्या खिडकीतून तो एका खोलीत शिरतो. प्रेक्षकाला त्याने तेवढ्यातच चोरून बघणारा करून टाकलेलं असतं. स्पीलबर्गच्या ‘जॉज’मध्ये (१९७५) कॅमेरा पाण्याखाली जाऊन पोहणाऱ्या मुलीकडे खालून बघतो. शार्क दिसतच नाही. जॉन विल्यम्सचे दोन स्वर आणि त्या मुलीची धडपड, एवढ्यावर सगळी भीती उभी राहते. जनावर न दाखवणं ही त्या दृश्याची ताकद आहे. पण त्याची किंमतही आहे: जे दिसत नाही त्याला भूक सोडून दुसरं काही उरत नाही. त्याची हद्द, त्याची पिल्लं, तो इथवर का आला, यांतलं काहीच विचारावंसं वाटत नाही.

हा साचा सिनेमाने शोधलेला नाही. जिम कॉर्बेटचं नरभक्षकांवरचं पुस्तक १९४४ मध्ये आलं. त्यातली पहिली शिकार १९०७ सालच्या चंपावतच्या वाघिणीची, आणि तिच्या नावाशी ४३६ बळींचा आकडा कायमचा जोडला गेला आहे. आधी बळी, मग ठसे, मग हाका, शेवटी बंदूक, हा क्रम शिकारकथांनी वाचकाच्या अंगवळणी पाडला. स्वतः कॉर्बेट या साच्यापेक्षा मोठा लेखक होता. जखमी किंवा म्हातारा झालेला वाघ माणसाकडे का वळतो हे त्याने वारंवार लिहिलं. नक्कल करणाऱ्यांनी मात्र त्याचा क्रम घेतला आणि कारणं सोडून दिली.

यवतमाळ जिल्ह्यातली टी-वन वाघीण, म्हणजे बाहेरच्या जगाची ‘अवनी’, याच साच्यात सांगितली गेली. पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात २०१६ ते २०१८ या काळात तेरा माणसांचे मृत्यू तिच्या नावावर लावले गेले. पहिली नोंद जून २०१६ मधली, बोराटी शिवारातली. आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती मारली गेली तीही बोराटीच्याच परिसरात. मधल्या काळात शोधासाठी हत्ती आले, कुत्रे आले, ड्रोन आले, परदेशी अत्तराचा वासही वापरून झाला. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठार करण्याच्या आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला. नंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने म्हटलं, की मारताना ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नव्हती. बातम्यांत हे सगळं शेवटच्या गोळीकडे धावणाऱ्या गोष्टीसारखं आलं. मागे राहिला तो भूगोल: एकेकाळी वणी जिल्हा म्हणून वऱ्हाडात ओळखला गेलेला हा कापसाचा मुलूख, पराटी आणि तुरीच्या वावरांत तुकड्या-तुकड्यांनी उरलेलं झुडपी जंगल, आणि १९९७ मध्ये घोषित झालेलं, जेमतेम दीडशे चौरस किलोमीटरचं टिपेश्वर अभयारण्य. तिथे वाढलेले वाघ वावरांतूनच पुढे जाणार. दुसरी वाट आहे कुठे?

म्हणूनच अमित मसुरकरच्या ‘शेरनी’चं (२०२१) पहिलं दृश्य मला महत्त्वाचं वाटतं. जंगलात कुणीतरी चार पायांवर चालतं आहे. वाघ असेल असं वाटतं, आणि निघतो वनखात्याचा माणूस. झाडाला बांधलेला कॅमेरा ट्रॅप नीट टिपतो की नाही, हे तो वाघासारखं चालून तपासतो आहे. ‘जॉज’ने प्रेक्षकाला जनावराच्या डोळ्यांत बसवलं, तेही माणसाला भक्ष्य म्हणून बघण्यासाठी. इथे माणूस वाघाच्या जागी येतो आणि बघणारं असतं ते यंत्र. या यंत्रालाही इतिहास आहे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२० च्या दशकात वाटेवर तार ताणून वाघांना स्वतःच स्वतःचं छायाचित्र काढायला लावलं. पुढे पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखण्याची रीत रुळली. मचाणावरच्या बंदुकीची जागा झाडावरच्या कॅमेऱ्याने घेतली, हे शतकभराचं स्थित्यंतर त्या एका दृश्यात मावलं आहे. पाठोपाठ कोरडा पाणवठा आणि त्याबाबतची हेळसांड दिसते. भीतीचं कारण अंधारात नाही, कामकाजात आहे, हे काही मिनिटांतच कळतं.

यावर आक्षेप आहेत. चित्रपट मध्य प्रदेशात चित्रित झाला, कथाही काल्पनिक म्हणून सांगितली गेली. मग त्याला यवतमाळच्या इतिहासाचा पुरावा कसं मानायचं? घटनांचा पुरावा म्हणून मानू नयेच. मी त्याला गोष्ट सांगण्याच्या रीतीचा पुरावा मानतो: पांढरकवड्यानंतर तीन वर्षांनी एका दिग्दर्शकाला जुना साचा अपुरा वाटला. दुसरा आक्षेप याहून जड आहे. पहाटे गुरं घेऊन निघणाऱ्या गुराख्याला, कापूस वेचायला वाकलेल्या बाईला वाघ कॅमेऱ्यात दिसत नाही. तिच्यासाठी तो खरोखरच न दिसणारा आहे, आणि ‘जॉज’ची भीती तिच्या अनुभवाच्या जास्त जवळची आहे. शहरात बसून तिला समजूतदारपणा शिकवणं क्रूर होईल. हे मला पूर्ण मान्य आहे. तेरा घरांचं दुःख कुठल्याही कलात्मक युक्तीने हलकं होत नाही, आणि ‘शेरनी’चा कॅमेरा कधीकधी गावापेक्षा कचेरीत जास्त रमतो. पण त्या बाईची भीती खरी मानायची तर ती भीती शिवारातच का आली, जनावरं चारायला दुसरी जागा का उरली नाही, हेही दाखवावं लागेल. अदृश्य राक्षसाचा साचा वाघिणीवर अन्याय करतो तसाच त्या बाईवरही करतो. त्यात ती पहिल्या पाच मिनिटांत मरण्यापुरतीच येते. ‘जॉज’मधल्या त्या मुलीचंही दुसरं काही आपल्याला कळत नाही.

वाघिणीच्या दोन पिल्लांपैकी मादी डिसेंबर २०१८ मध्ये पकडून पेंचला नेली. मार्च २०२१ मध्ये तिला जंगलात सोडलं आणि काही दिवसांतच ती मेली. या पट्ट्यावर उद्या कुणी मराठीत, वऱ्हाडी बोलीत थरारपट करणार असेल, तर त्याने पहिलं दृश्य धुऱ्यावर उभं राहून घ्यावं, जिथून वावर आणि जंगल दोन्ही एका चौकटीत दिसतात. आणि कापूस वेचणाऱ्या बाईला शेवटच्या दृश्यापर्यंत जिवंत ठेवावं.