अशनीची ओळख आणि नामकरण

उल्का वातावरणात पूर्णपणे जळून न जाता तिचा काही भाग जमिनीवर पोहोचला, तर त्याला ‘अशनी’ म्हणतात. मात्र आकाशातून पडल्याचे सांगितले जाणारे बरेच दगड तपासणीत भट्टीतील धातुमळी किंवा साधे लोहयुक्त खडक ठरतात. ताज्या अशनीवर बहुधा वितळलेल्या पदार्थाचे पातळ, काळपट कवच असते. बहुतेक अशनींत निकेलयुक्त लोह असल्याने त्या चुंबकाकडे ओढल्या जातात. याउलट, बुडबुड्यांची छिद्रे असलेला दगड बहुधा धातुमळीचा असतो. अंतिम निर्णय प्रयोगशाळेतील खनिजांच्या व रासायनिक परीक्षणानंतरच होतो.

अशनींना अधिकृत नाव देण्याचे काम १९३३ साली स्थापन झालेल्या ‘मेटिऑरिटिकल सोसायटी’ची नामकरण समिती करते. नाव शोधकर्त्याचे नव्हे, तर स्थळाचे दिले जाते. त्यासाठी पतनस्थळाची माहिती, वर्गीकरण आणि मान्यताप्राप्त संस्थेत ठेवलेला नमुना आवश्यक असतो. हा नमुना २० ग्रॅम किंवा एकूण वस्तुमानाच्या २० टक्के, यांपैकी जे कमी असेल तेवढा लागतो. पडताना पाहिलेल्या अशनी आणि नंतर सापडलेल्या अशनी यांची नोंद वेगवेगळी होते.

२२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात दुपारी झालेल्या अशनीवर्षावाचे तुकडे अनेक ठिकाणी विखुरले. पतन एकच असल्याने त्या सर्वांचे नाव ‘काटोल’ असे एकच आहे. १७ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरातेत रावेल व रांटिला या गावांत पडलेल्या अशनीला तालुक्यावरून ‘दियोदर’ हे नाव मिळाले. बिहारमधील शेरघाटी येथे १८६५ साली पडलेली अशनी ‘शेरगोटी’ या जुन्या उच्चाराच्या नावानेच ओळखली जाते; तिच्यावरून मंगळावरील अशनींच्या एका गटालाही नाव मिळाले. अंटार्क्टिकासारख्या प्रदेशात अशनी मोठ्या संख्येने सापडतात, पण गावे नसतात. तेथे स्थळनामापुढे क्रमांक जोडतात. ‘ॲलन हिल्स ८४००१’मधील ८४ हा आकडा १९८४च्या शोधमोहिमेचा आहे.

स्थळाची नोंद हरवली, की अशनीच्या पतनाचा इतिहासही हरवतो. म्हणून असा दगड आढळल्यास तो फोडू, धुऊ वा विकू नये. जागेचे छायाचित्र घेऊन आणि दिवस व वेळ टिपून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेला कळवावे.