निकालाच्या टक्क्यांमागचा इतिहास

विंचूर हे निफाड तालुक्यातील, विंचूरकर सरदारांच्या जहागिरीचे गाव. दहावीचा निकाल लागला की येथेही घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो, ‘किती टक्के पडले?’ या प्रश्नामागे दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास उभा आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली. तीत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे हे एक होते. त्यांचा जन्म १८४२ मध्ये निफाडलाच झाला. जहागिरी आणि वतने यांवर माणसाची पत ठरण्याच्या काळात घराणे न विचारता उत्तरपत्रिका तपासणारी परीक्षा ही मोठीच क्रांती होती.

परंतु त्या परीक्षेच्या दारापर्यंत पोहोचणारे किती होते? शेतकऱ्यांच्या पैशावर मूठभरांचे उच्च शिक्षण चालते, ही व्यथा महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडली. स्त्रियांची वाट तर अधिकच बिकट. १८६६ मध्ये नाशिक येथे एका ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर. परीक्षेतील यशामुळे विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळावयास हवी होती. केवळ स्त्री म्हणून ती नाकारण्यात आली. पुढे त्यांनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, पण त्या विद्यापीठाने स्त्रियांना पदव्या देण्यास आरंभ केला तो १९२० मध्ये. तात्पर्य, परीक्षा निःपक्षपाती असली तरी तिच्या भोवतीचा समाज तसा असेलच असे नाही.

हे अंतर कमी करण्याचे श्रेय शिक्षणसंस्थांना आहे. मराठा विद्या प्रसारक समाजाच्या १९१४ मधील स्थापनेनंतर नाशिक जिल्ह्याच्या ग्रामीण भागात शिक्षणाची वाट रुंदावत गेली. १९४८ च्या कायद्याने मुंबई प्रांतात शालान्त परीक्षा मंडळ निर्माण झाले, १९६६ पासून राज्य मंडळाचा कारभार सुरू झाला आणि १९७५ मध्ये नव्या आकृतिबंधानुसार दहावीची पहिली परीक्षा झाली.

आता टक्क्यांकडे वळू. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. भाषा व सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकताच २०१९ मध्ये तो ७७.१० वर घसरला. ते गुण परत आल्यावर २०२० मध्ये तो ९५.३० झाला. महामारीमुळे २०२१ मध्ये लेखी परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापन झाले आणि निकाल ९९.९५ टक्के लागला! तीन वर्षांत महाराष्ट्राची मुले आधी मंद आणि मग एकाएकी प्रज्ञावंत झाली काय? बदलले ते मुख्यतः मोजमाप.

विंचूरच्या उपबाजारात कांद्याची प्रतवारी होते आणि भाव पुकारला जातो. मार्चमध्ये परीक्षा आणि उन्हाळ कांद्याची काढणी एकाच वेळी येतात. शेतात राबून पेपरला बसणाऱ्या मुलाचे साठ टक्के आणि शिकवणीच्या आधारावर मिळालेले नव्वद टक्के एकाच तराजूत कसे तोलावे? परीक्षा हवीच, तिने अनेक बंद दारे उघडली आहेत. मात्र गुणपत्रिका पाहताना पालकांनी आणि शिक्षकांनी एवढे ध्यानात ठेवावे, की प्रतवारी कांद्याची होते, लेकरांची नव्हे.