दजलेत बुडवलेला हिशेब

जुबैदा बेगमची गोष्ट आपण बहुतेकांनी जुम्म्याच्या बयानात किंवा घरातल्या एखाद्या हाजींच्या तोंडून ऐकलेली असते. खलिफा हारून अल-रशीदची ही पत्नी हजला गेली, मक्केत पाण्यावाचून लोकांचे होणारे हाल तिने पाहिले आणि डोंगर फोडून पाणी आणायचा हुकूम दिला. कारागीर म्हणाले, खर्च फार येईल. ती म्हणाली, कुदळीच्या एकेका घावाला एक दिनार पडला तरी चालेल. काम पुरे झाल्यावर कारभारी खर्चाच्या वह्या घेऊन आले, तेव्हा ती दजलेकाठच्या महालात बसली होती. तिने वह्या नदीत टाकून दिल्या आणि म्हणाली, हिशेबाचा हिशेब कयामतच्या दिवशी होईल.

गोष्ट सांगणाऱ्याचा आवाज इथे भरून येतो. ऐकणारेही सुब्हानअल्लाह म्हणतात. माझ्या मनात मात्र दरवेळी वेगळाच प्रश्न येतो. वह्या जर नदीत गेल्या, तर जुबैदाने हजच्या वाटेवर आणि मक्केच्या पाण्यावर सतरा लाख दिनार खर्च केले हा आकडा इतिहासकारांना मिळाला कुठून? कोणीतरी तो आधीच उतरवून ठेवला असणार. राणीने वह्या फेकल्या असतील किंवा नसतील, पण कुठल्यातरी मुनशीने आपली नक्कल जपली होती, एवढे नक्की.

माझा पेशा त्या मुनशीच्या जातीचा आहे. पाणीपुरवठा योजनांसाठी निधी मागणारे प्रस्ताव सरकारी कचेरीत येतात, त्यांची छाननी करणे हे माझे काम. अंदाजपत्रक दरसूचीप्रमाणे आहे का, उद्भवाला उन्हाळ्यात पाणी टिकेल असा भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा दाखला आहे का, विहिरीच्या जागेचे बक्षीसपत्र झाले आहे का, मागच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र जोडले आहे का. या कामाला कोणी सवाब म्हणत नाही. लोकांच्या लेखी पाणी आणणारा तो दाता आणि कागद मागणारा तो अडवणारा. म्हणून मी आपल्या इतिहासात या अडवणाऱ्या माणसाचा शोध घेत असतो. तो तिथे आहे, आणि चांगल्या जागी आहे.

जुबैदाच्या नहरीचेच पुढे काय झाले ते पाहू. तिचे निधन इ.स. 831 मध्ये झाले. नहर डोंगरांतून, वाद्यांमधून येणारी. वादीला पूर आला की बांधकाम फुटे, गाळ भरे, आणि पाणी थांबे. मग कोणीतरी सुलतान किंवा अमीर पुन्हा पैसे देई, आपले नाव लावून घेई, आणि काही वर्षांनी परत तेच. सोळाव्या शतकात, उस्मानी सुलतान सुलेमानच्या काळात, मक्केत पाण्याचा इतका दुष्काळ पडला की जुन्या नहरीची रीतसर पाहणी झाली. तो सगळा प्रकार कुतबुद्दीन नहरवाली या मक्केच्या इतिहासकाराने लिहून ठेवला आहे. नहरवाला म्हणजे गुजरातमधले पाटण. त्याचे घराणे तिथले. आपल्या शेजारच्या मुलखातून गेलेला हा माणूस मक्केत राहून डोळ्यांसमोरचे काम नोंदवत होता.

पाहणी करणाऱ्यांनी खर्चाचा अंदाज दिला, तीस हजार दिनार. सुलतानाची मुलगी मिहरिमाह हिने हे काम आपल्याला मिळावे अशी विनंती केली. तिने काम सोपवले ते इब्राहिम नावाच्या माणसावर. तो मिसरचा दफ्तरदार होता, म्हणजे खजिन्याच्या हिशेबाचा अधिकारी. अंदाजाची रक्कम दिली आणि वर पन्नास हजार दिनार जास्तीचे दिले. आजच्या भाषेत सांगायचे तर अंदाजपत्रकाच्या दीडपटीहून जास्त रक्कम आकस्मिक खर्चाला ठेवली. माझ्या टेबलावर असा प्रस्ताव आला असता तर मी लाल शेरा मारला असता. पण पुढे जे झाले त्यात ती रक्कमही कुठल्या कुठे गेली.

अंदाज करणाऱ्यांचा समज असा होता की जुन्या नहरीचा पुढचा भाग जमिनीखाली कुठेतरी असेल, गाळ काढला की पाणी मक्केपर्यंत येईल. खणायला लागल्यावर कळले की पुढे नहरच नाही. जुन्या लोकांनी तिथेच हात टेकले होते, कारण समोर कातळ होता. सुमारे दोन हजार हात लांबीचा आणि पन्नास हात खोल जाणारा. सुरुंगाची सोय नव्हती. उपाय एकच: कातळाच्या पृष्ठभागावर रात्रभर लाकडे जाळायची, दगड भाजून काढायचा, सकाळी वरचा पापुद्रा फोडायचा, की पुन्हा लाकडे. एका रात्रीच्या आगीने बोटभरही धड उतरत नसे. मक्केच्या आसपासच्या डोंगरांवरचे सरपण संपले, लांबून आणावे लागले आणि लाकडाचे भाव चढले. इब्राहिम तिथेच वारला. त्याच्या जागी आलेला जिद्द्याचा अधिकारीही काम पुरे होण्याआधी वारला. शेवटी 1571 च्या सुमारास पाणी शहरात आले. नहरवाली खर्च सांगतो, पाच लाख दिनारांच्या वर.

तीस हजाराचे पाच लाख! ही कथा आपल्याकडे दातृत्वाची म्हणून सांगितली जाते, आणि मिहरिमाहने हात आखडता घेतला नाही हे खरेच आहे. पण मला त्यात दुसरे काही दिसते. दोन माणसांनी महिनाभर आधी योग्य जागी दोन-चार चाचणी खड्डे घेतले असते, तर कातळ पाहणीतच समजला असता. मग कदाचित मार्ग बदलला असता, कदाचित नसता. पण पैसे देणाऱ्याला आपण कशाला हात घालतो आहोत हे ठाऊक असते. आजही योजना रखडतात त्या बहुधा याच कारणाने. कागदावर मुरूम आणि प्रत्यक्षात काळा पाषाण, मग सुधारित अंदाजपत्रक, सुधारित प्रशासकीय मान्यता, आणि तोवर गावात टँकर.

नहरीसाठी पैसा उभा करणे हा अर्धा प्रश्न. उरलेला अर्धा दरसालचा, देखभालीचा. त्याचे उत्तर मला दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकाच्या काळात सापडले. फिरोजशाहने (1351 ते 1388) यमुना आणि सतलजमधून कालवे काढले, हिसार वसवले, हे शाळेत सगळेच शिकतात. त्याच्या कारकिर्दीचा इतिहास लिहिणारा शम्स सिराज अफीफ त्यापुढची हकीकत सांगतो. सुलतानाने काजी आणि आलिमांना एकत्र बसवून प्रश्न टाकला: एखाद्याने मेहनतीने आणि पैसे खर्चून पाणी आणले, तर त्या पाण्यावर पिकणाऱ्या उत्पन्नात त्याचा काही हक्क आहे का? आलिमांनी विचार करून सांगितले, आहे. हक्क-ए-शुर्ब, दहावा हिस्सा. पाणीपट्टीचा प्रश्न मजलिसीत बसून, कायदा पाहून सुटलेला मला दुसरीकडे फारसा आढळलेला नाही. पाणी अल्लाहचे, त्याचे पैसे कसले, हा युक्तिवाद आपल्या गावांत आजही ऐकू येतो. चौदाव्या शतकातल्या आलिमांनी पाणी आणि पाणी आणण्याचा खर्च या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या होत्या.

याच अफीफच्या ग्रंथात एक लहानशी नोंद आहे, जी मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची वाटते. पावसाळ्यात कालव्यांचे काठ पाहायला आणि पाणी कुठवर पसरले याचा अहवाल द्यायला सुलतान अधिकारी पाठवत असे. अफीफ म्हणतो, माझे वडीलही कधी कधी या कामावर जात. बस, इतकेच. सुलतानाच्या नावाने कालवे ओळखले गेले, पण चिखलात घोडा घालून काठाला भगदाड पडले आहे का ते बघणारा माणूस कुणाचा तरी बाप होता, आणि मुलाने ते लिहिण्याजोगे मानले.

आता आपल्या घराजवळ येऊ. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, नहरींचे कौतुक आपण करतो ते मलिक अंबरमुळे. त्याने खडकी वसवली आणि नहर-ए-अंबरी आणली, ते काम पंधरा महिन्यांत अडीच लाखांत झाल्याचे सांगतात. त्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्याच शहरातल्या पाणचक्कीकडे लक्ष वेधायचे आहे. बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी सूफींच्या दर्ग्याजवळ डोंगरातून जमिनीखालच्या नळाने पाणी आणले, आणि 1744 मध्ये तुर्कताज खानाने ते काम पुरे केले, अशी नोंद मिळते. त्या पाण्यावर पिठाची चक्की फिरे आणि त्या पिठाच्या भाकऱ्या खानकाहातल्या फकिरांच्या आणि वाटसरूंच्या पोटात जात.

पर्यटक चक्की बघतात आणि तंत्राची तारीफ करतात. ती करावीच. पण छाननी करणाऱ्याच्या नजरेला यात एक हुशारी दिसते. नळाला कुठे गळती लागली, गाळ साचला, तर चक्की मंदावणार, दळण मागे पडणार आणि संध्याकाळी भाकरी कमी पडणार. म्हणजे बिघाडाची खबर त्याच दिवशी थेट लंगरखान्यात. अहवालाची वाट पाहायला नको. हेतू असा होता की योगायोगाने जमले, हे मी ठरवणार नाही. पण जिथे पाणी कोणाच्या तरी रोजच्या पोटाशी बांधलेले असते, तिथे ते जास्त दिवस वाहते असा माझा अनुभव आहे. आज महाराष्ट्र वक्फ मंडळाचे मुख्य कार्यालय याच पाणचक्कीच्या आवारात आहे. वक्फ या कल्पनेत खरे तर हेच अभिप्रेत आहे: नुसती वास्तू देऊन थांबायचे नाही, तर तिच्या दिवाबत्तीला आणि दुरुस्तीला पुरेल एवढे शेत, दुकान किंवा गिरणीचे उत्पन्नही सोबत बांधून द्यायचे. त्या आवारात बसणाऱ्यांना हे सांगायची गरज नसावी.

आपल्या समाजात हल्ली सदका-ए-जारिया म्हणून बोअरवेल देण्याची पद्धत जोरात आहे. आई-वडिलांच्या नावाने, कोणी परदेशातून पैसे पाठवून. नियत उत्तम. मी अशा कितीतरी बोअर पाहिल्या आहेत. नावाची फरशी चकचकीत आणि पंपाचा दांडा निखळलेला. जारिया म्हणजे वाहते राहणारे. पन्नास-साठ हजार रुपये खोदाईला देणारा दाता सहज मिळतो, पण दरवर्षी वॉशर आणि पाइप बदलायला दोन-तीन हजार देणारा शोधून सापडत नाही, कारण वॉशरवर नाव कोरता येत नाही. सरकारचेही याहून वेगळे नाही. जलजीवन मिशन 2019 मध्ये जाहीर झाले तेव्हा त्याचा अंदाजित खर्च 3.60 लाख कोटी रुपये होता आणि मुदत 2024 ची. ती आता 2028 पर्यंत वाढली. माणशी रोज 55 लिटर पाणी घरात नळाने, हे त्याचे वचन. गावाने योजनेच्या खर्चात साधारणपणे दहा टक्के, आणि डोंगरी किंवा बहुसंख्य दलित-आदिवासी वस्तीच्या गावांत पाच टक्के वाटा द्यावा अशी अट त्यात होती. या लोकवर्गणीकडे अनेक गावे जुलूम म्हणून पाहतात. मला ती फिरोजशाहच्या मजलिसीतल्या त्या दहाव्या हिश्श्याची आठवण करून देते. रक्कम कोणत्या पेटीत जाते आणि वीजबिल भरायला ती कधी बाहेर येते, हे विचारणारा गावात एक तरी माणूस हवा.

पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधून दिला. त्यातून देखभालीला पैसे नाहीत असे आता म्हणता येत नाही. तरी प्रस्तावांच्या शेवटच्या पानावर, देखभाल-दुरुस्तीच्या तक्त्यात, जबाबदारी कोणाची या रकान्यात एकच शब्द वाचायला मिळतो: ग्रामपंचायत. मी फाइल परत पाठवतो. शेऱ्यात लिहितो की पाणी सोडणाऱ्या माणसाचे नाव कळवावे, त्याला महिन्याला किती मिळणार ते कळवावे, आणि तो आजारी पडला तर व्हॉल्व्ह कोण उघडणार तेही. सरपंचांचा फोन येतो, साहेब, एवढ्याशा गोष्टीसाठी योजना अडवता का? मी त्यांना म्हणतो, नाव कळवा, आज संध्याकाळी फाइल पुढे जाईल. बहुतेक वेळा दोन दिवसांत नाव येते. परवा एका गावातून आले, एका विधवा बाईंचे; पगाराच्या रकान्यात तीन हजार रुपये, आणि खाली हाताने लिहिलेली ओळ की तिच्या गैरहजेरीत मुलगा येईल, त्याला चावी कुठे असते ते ठाऊक आहे.